हप्ते फिटले, गाडी काही फिटंना

चार दिवस गाडी, म्हणजे माझा जुना ट्रक, उभी. चौदा हजार सहाशेचा खुर्दा. आणि कारण काय, तर करंगळीच्या नखापुढं सरकणार नाही एवढा तांब्याचा वायसर, बोल्टखाली बसते ती चकती. नवा पंधरा रुपयाला मिळतो. पुन्हा लिहितो, पंधरा.

मंगळवारी रत्नागिरीत गूळ उतरवला. रिकामं यायचं नाही हा माझा नियम, आणि हाच नियम दर वेळी माझ्या उरावर बसतो. पालीजवळच्या चिरेखाणीवरनं दहा टन चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, भरला आणि रात्री साडेअकराला साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो. गायमुखाच्या अलीकडं गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. मग पॅडल तळाला लागलं तरी काही नाही, बंद. आमचा हँडब्रेक कसा धरतो ते जुनी गाडी असणाऱ्याला सांगायला नको. क्लीनर पोरानं उडी मारून मागच्या चाकाला लोडातलाच एक चिरा लावला. त्या अख्ख्या भाड्याचा मला झालेला खरा उपयोग तेवढाच.

टॉर्च तोंडात धरली, फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, अंगठ्यानं प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप, मारायला लागलो. फस फस करून फेस. डिझेल नाही, नुसता फेस. म्हणजे गाडी हवा घेतेय. शंभर-दीडशे वेळा अंगठा दाबल्यावर फेस संपून डिझेल सरळ वाहायला लागलं, स्क्रू आवळला, सेल्फ मारला, चालू. दोन वळणं चढलो. बंद. परत तेच. असं तीनदा. तिसऱ्या वेळेला अंगठ्याची कातडी प्रायमरवर आणि दाढीला डिझेल.

एवढ्यात मागनं एक पांढरी गाडी. काच चार बोटं खाली, आतनं एसीचा गार वारा आणि आवाज, "दादा, गाडी जरा साइडला घ्या ना." साइडला? कुठल्या साइडला? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. दरीत घेऊ काय मर्दा? मी तोंडातली टॉर्च काढून उत्तर देईपर्यंत काच वर गेली होती. चार दिवस झाले, त्याला द्यायचं उत्तर रोज रात्री झोपताना मी नव्यानं तयार करतो. कालचं तर फार चांगलं जमलं होतं.

पहाटे कसाबसा आंब्यात आलो. मलकापूर, बांबवडे, वाघबीळ असं थांबत थांबत, चिरा उतरवून दुपारी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या गॅरेजात.

आता मिस्त्री. बोनेटकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, "मालक, फीड पंप गेला." म्हणजे टाकीतनं डिझेल ओढणारा. बरं, बदल. 2,800. बदलला, गाडी बंद. "मग फिल्टर असणार." दोन्ही फिल्टर, 1,400. गाडी बंद. "मग आता पंपच उतरवायला लागतोय." हा मोठा पंप, इंजिनात डिझेल मारणारा. तो लॅबला. दोन दिवस तिथं, कॅलिब्रेशनसकट 7,500. हा पंप दोन वर्षांपूर्वीच करून आणला होता, सांगितलं तर म्हणतो, "त्यांनी नीट केला नसंल." ज्यांनी नीट केला नाही त्यांच्याकडंच परत दिलाय ना रे बाबा! मिस्त्रीची मजुरी 2,500. आणि सगळ्यात खाली एक ओळ: किरकोळ, 400.

हा किरकोळ शब्द मला सहन होत नाही. आजवर एका मिस्त्रीनं मला किरकोळ म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. पुसायचा कपडा? चहा? चहा तर मी पाजला. 2019 च्या महापुरात शिरोलीला हायवेवर पाणी आलं, कागलकडं रांगेत दिवसच्या दिवस अडकलो, तिथनं सुटून आलो तेव्हाही बिलात किरकोळ होतं. टायर बदलला, किरकोळ. नुसतं विचारायला गेलो तरी किरकोळ लागतंय का काय म्हणून आता लांबूनच हात करतो.

असो. शुक्रवारी संध्याकाळी "ओके आहे मालक, घेऊन जावा" म्हणून गाडी ताब्यात. आणि तावडे हॉटेलच्या पुलाखाली, बरोबर सहा वाजता, गांधीनगरचा सगळा बाजार घरी निघालेला असताना, गाडी बंद. कोल्हापुरात तेवढ्या वेळेला तिथं गाडी बंद पाडणं म्हणजे काय ते कोल्हापूरकरांनीच समजून घ्यावं. मला त्या दिवशी माझ्या सात पिढ्यांची नवीन नावं कळली. एका रिक्षावाल्यानं तर जाता जाता गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "म्हातारीला आता घरी बसवा की." थाप मारायचा अधिकार फक्त माझा आहे.

कारण कुणी शोधलं? गॅरेजातल्या सतरा वर्षांच्या हेल्परनं. एका कॅनमध्ये पाच लिटर डिझेल घेतलं, नळी टाकीला सोडून थेट फीड पंपाला लावली. तासभर गाडी घुरघुरत उभी, आचका नाही, काही नाही. म्हणजे पंपही बरा, फिल्टरही बरा, हवा टाकीकडनं येतेय. पोरानं टाकीवरचा बँजो बोल्ट, म्हणजे डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट, सोडला, वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवला. केसाएवढी चीर. तेवढ्यातनं डिझेल गळत नाही, म्हणून खाली डाग नाही. पण इंजिन ओढायला लागलं की तिथनं हवा आत. चढावर ओढ जास्त, म्हणून घाटात पहिली बंद पडली. सगळं बरोबर जुळतंय. हेच बुधवारी करायचं होतं. कॅन आणि नळी. पण कॅन लावून बघण्यात 7,500 कुठनं येणार?

इथपर्यंत मी मिस्त्रीच्या नावानं जे काही बोललो ते सगळं मी गॅरेजात उभं राहून मोठ्यानं बोललो होतो, हे सांगायला पाहिजे. कारण घरी येऊन बायकोला तो वायसर दाखवला तर ती म्हणाली, "अहो, हा तर माझ्या गॅसवर तापवलेला."

होय. दिवाळीत टाकीचा पाइप मीच बदलला होता. दुकान बंद म्हणून जुनाच वायसर सांडशीत धरून गॅसवर लालभडक केला, पाण्यात टाकला. तापवला की तांबं मऊ पडतं आणि परत बसतं, वडिलांच्या काळापासून करतोय. एकदा केला तर चालतंय. हा कितव्यांदा तापवला होता ते देवाला ठाऊक. सांडशीचं टोक काळं पडलं म्हणून तेव्हा भांडण झालं होतं, ती सांडशी आता पुरावा म्हणून ओट्यावर ठेवलेली आहे. पंधरा रुपये वाचवले.

तरी किरकोळ 400 चा आणि या वायसरचा काही संबंध नाही, हे मी अजूनही म्हणतो.

आता या सगळ्याचा वास मेव्हण्याला कुठनं लागतो कळत नाही. रविवारी सकाळी हजर. तांबडा-पांढरा ओरपत ओरपत भाषण. "दाजी, काढून टाका. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून नव्या ट्रकवरचा जीएसटी 28 चा 18 झालाय." हे वाक्य त्यानं मला आतापर्यंत अकरा वेळा सांगितलंय, जसं काय दिल्लीत बसून त्यानंच कमी केलाय. "नव्या गाडीच्या केबिनला आता एसी कंपल्सरी." एसी म्हटल्यावर बायको स्वयंपाकघरातनं बाहेर आली. माझ्या केबिनची डावी काच स्क्रूड्रायव्हर खुपसून वर धरलेली आहे, तो स्क्रूड्रायव्हर लागला तर काच खाली सोडून काढायला लागतो.

हिशोब मीही करतो. वही आहे माझ्याकडं. गेल्या वर्षी दुरुस्तीला 2,11,000 गेले आणि गाडी 41 दिवस उभी. दिवसाला तीन हजार सुटतात असं धरलं तर ते झाले 1,23,000. म्हणजे म्हातारीनं वर्षात तीन लाख 34 हजार खाल्ले. लई झाले. पण मेव्हण्याच्या नव्या गाडीवर 25 लाखाचं कर्ज, दहा टक्क्यानं पाच वर्षं, महिन्याला 53 हजार. वर्षाला सहा लाख 36 हजार, आणि तो हप्ता गाडी चालो, उभी राहो, पावसानं घाट बंद होवो, पाच तारखेला जातोच. 2024 ला करूळ घाट काँक्रीटला बंद केला आणि गगनबावड्याकडची भाडी फोंड्यावरनं वळसा घालून मारायला लागली, तेव्हा मला फक्त डिझेल जास्त लागलं. हप्तेवाल्यांच्या तोंडावरची माशी उडत नव्हती.

यावर तो म्हणतो, "तुमची मालासकट 16.2 टनाची, माझी 18.5." आहे बाबा, 2018 ला एक्सलचं वजन वाढवलं, तुझी जास्त भरते. "माझी ॲव्हरेज देते, तुमची साडेचार." तेही आहे. पण तुझ्या गाडीत धूर साफ करायचा युरिया संपत आला की दिवा लागतो, सेन्सर गेला की गाडी स्वतःच ठरवते की आता जोर द्यायचा नाही. मागच्या पावसाळ्यात कराडच्या अलीकडं हा तीस लाखाची गाडी घेऊन बसला होता, लॅपटॉपवाला यायची वाट बघत. टोचन कुणी लावलं? म्हातारीनं. त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. जेवताना मुद्दाम दाखवला. रस्सा थांबला दोन मिनिटं.

मी एकदा गेलो होतो शोरूमला, खोटं कशाला बोलू. चहा दिला, खुर्ची दिली, "शेठ" म्हणाले. मग जुन्या गाडीची किंमत ठरवायला एक पोरगं आलं, इस्त्रीच्या शर्टातलं. त्यानं बोटाच्या पेरानं केबिनवर टकटक केलं, टरबूज बघतात तसं. इंजिन चालूसुद्धा करून बघितलं नाही. "दोन लाख, सर. भंगाराचाच भाव म्हणायचा." भंगार! 2010 ला ही गाडी जोतिबाला नेऊन गुलाल लावला होता. 2015 च्या मार्चमध्ये शेवटचा हप्ता भरला, बोजा उतरवला, पेढे वाटले. त्या दिवशी पेंटरला सांगून मागं "जोतिबाच्या नावानं चांगभलं" लिहून घेतलं, त्या बहाद्दरानं अनुस्वारच खाल्ला. गाडी सहा वर्षं "चागभलं" म्हणत महाराष्ट्रभर फिरली आणि मला पहिल्यांदा सांगितलं ते बेळगावच्या एका कानडी ड्रायव्हरनं. पैसे मात्र पेंटरनं अक्षरावर मोजून घेतले होते.

आणि तोंडावर पासिंग आहे, आरटीओची फिटनेस तपासणी. आठ वर्षांच्या पुढं दर वर्षी करायचं. बरं, करू. पण 1 एप्रिल 2022 ला नियम आला, पंधरा वर्षं झालेल्या गाडीला सर्टिफिकेटचे 12,500. गाडी तीच, मी तोच, रस्ते त्याहून वाईट. त्याच नियमात उशिराला दिवसाला 50 रुपये लिहिले. म्हणजे गाडी पासिंगसाठीच गॅरेजात उभी असली तरी मीटर चालू. रिफ्लेक्टरची पट्टी, स्पीड गव्हर्नर, वायपर, मागचे दिवे, सगळं त्या एका दिवसापुरतं नवरीसारखं सजवायचं. घाटात चढणीला जी तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही, तिला स्पीड गव्हर्नर. बसवलाय. तो एकच पार्ट आहे जो आजपर्यंत बिघडला नाही, कारण त्याला कधी कामच पडलं नाही.

बायको काल म्हणाली, घेऊया का नवीन, मुलाचं शिक्षणही आता संपत आलंय. मी म्हटलं, बघू. हे "बघू" मी 2018 पासून म्हणतोय. खरं सांगायचं तर कर्जाला मी घाबरत नाही, तीन कर्जं फेडलीत. पण नवीन गाडीत काही झालं तर मला काय करायचं ते कळणार नाही, नुसतं दिव्याकडं बघत रस्त्याकडंला बसायचं. हिच्यात निदान शिव्या द्यायला आणि अंगठा सोलायला तरी काहीतरी आहे. हे मेव्हण्याला सांगितलेलं नाही आणि कुणी सांगूही नये.

दहा नवे वायसर आणलेत, 130 ला. एक बसवला, दोन मिस्त्रीनं "असू दे" म्हणून खिशात घातले, उरलेले डॅशबोर्डवर डबीत. उद्या मार्केट यार्डातनं परत गूळ भरायचा आहे. पण त्याआधी उद्यमनगरात जायला लागणार, कारण आज रिकामी गाडी फिरवताना खालनं क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या सांध्याचा, आवाज आला. टक, टक, टक. जातोच आहे तर त्या चारशेचंही विचारून येतो.