नवरा पाळण्यापूर्वी

विवाहयोग्य वाचकहो, घरात एखादा जीव आणावा असे वाटू लागणे ही वयानुसार होणारी गोष्ट आहे. प्रश्न एवढाच असतो, की तो जीव दोन पायांचा असावा की चार. आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल पत्रिका, पगार आणि मुलाच्या नावावर असलेली जागा पाहून लावतात. विज्ञानाला कोणी विचारतही नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मुलुंड पूर्वेच्या आमच्या चारशे चौरस फुटांच्या घरात गेली सहा वर्षे मी एक तुलनात्मक अभ्यास चालवला आहे. नमुन्यात एक नवरा आणि एक मांजर आहे. नमुना फारच लहान असल्याचा आक्षेप मला मान्य आहे, परंतु मुंबईत एवढ्या जागेत याहून मोठा नमुना मावत नाही.

नवरा रीतसर कांदेपोहे खाऊन, चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीने मिळवलेला आहे. मांजर एका जुलैत, भरपावसात, तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत मिळाली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी पुढे येत नाही हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. नवऱ्याच्या गळ्यात हार घालायचा म्हटले, की मात्र दोनशे माणसे हातात अक्षता घेऊन उभी राहतात आणि कार्य उरकताच आपापल्या लोकल पकडून निघून जातात. पोपटाचा विचार करणाऱ्यांनी तो सोडून द्यावा, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो आणि तो दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो. विवाहाची नोंदणी मात्र एकदाच होते. यांपैकी कोणत्या प्राण्याच्या बाबतीत सरकार आपल्याला वर्षातून एकदा फेरविचाराची संधी देते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

हा सगळा माझ्या एकटीच्या डोक्यातला किडा आहे असे कोणी समजू नये. कॅरेन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील २४० विवाहित जोडप्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्याच घरी बसवून तीन-तीन वजा करत उलटे आकडे मोजायला लावले, नंतर त्यांचा हात बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावला, आणि या वेळी शेजारी कोण असताना रक्तदाब किती चढतो हे मोजले. ज्यांच्याकडे कुत्रा किंवा मांजर होती, त्यांचा रक्तदाब तो प्राणी जवळ असताना सर्वांत कमी चढला. हिशेब करताना जोडीदार जवळ असला, की तो चांगलाच चढला. कारणही उघड आहे: आपण चुकलो हे जोडीदाराला कळते, आणि आपण चुकलो हे त्याला कळले आहे, हे आपल्याला कळते.

अमेरिकेतले निष्कर्ष मुलुंडला लागू पडतात का, हे तपासणे माझे कर्तव्य होते. एका रविवारी मी ४,१८७ पासून मोठ्याने मोजायला बसले. ४,१८४ झाले, ४,१८१ झाले, आणि मी श्वास घ्यायला थांबले तोच वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, "अठ्ठ्याहत्तर." मी विचारले नव्हते. पुढचे दोन आकडेही मागूनच आले. मग मी बर्फाच्या भांड्यात हात घातला. बोटे बधिर होऊन मनगटापर्यंत कळ गेली, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि अत्यंत काळजीच्या स्वरात विचारले, "ट्रे परत भरून ठेवलास ना?" त्यानंतर हाच प्रयोग मांजरीच्या उपस्थितीत करायचा होता, परंतु ती येऊन नेमकी आकड्यांच्या कागदावर बसली. वाण्याचे बिलही त्याच कागदाखाली असल्याने माझ्या तणावाचे मूळ कारणच तिच्या पोटाखाली दिसेनासे झाले. विज्ञानाच्या दृष्टीने हा प्रयोग अपुरा राहिला, पण मला फार बरे वाटले.

हाकेला ओ देण्याच्या बाबतीत दोन्ही प्राण्यांत विलक्षण साम्य आढळते. अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्याने जपानमध्ये वीस पाळीव मांजरांना अनोळखी माणसांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजरे मालकाचा आवाज ओळखतात, कान टवकारतात, डोके वळवतात, पण जागची उठत नाहीत. "अहो, गॅस बंद करता का?" हे वाक्य मी याच उद्देशाने निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या पट्टीत उच्चारून पाहिले आहे. कान हलतात. नवरा बहिरा नाही, हे यावरून निर्विवाद सिद्ध होते. दिवाणावरच्या अवस्थेबद्दल वेगळे लिहायला नको, कारण मांजर ही घन आहे की द्रव, या प्रश्नाच्या अभ्यासाबद्दल एका फ्रेंच संशोधकाला २०१७ मध्ये इग्नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळालेच आहे. जे भांडे मिळेल त्याचा आकार घेणे हे द्रवाचे लक्षण मानले, तर क्रिकेटचा सामना सुरू झाल्यावर साधारण तिसऱ्या षटकापासून आमचे हे दिवाणाच्या कडेवरून हळूहळू ओघळू लागतात.

खरी तफावत आढळली ती आवाजात. रात्री नऊच्या सुमारास हे फोर्टहून येतात, चपला काढतात, दाराशी उकिडवे बसतात आणि मांजरीची हनुवटी खाजवत म्हणतात, "जेवली का माझी चिंगी? आज काय काय केलं दिवसभर?" चिंगीने दिवसभर काय केले ते मला ठाऊक आहे, तिने काहीही केलेले नाही. मग हे उठतात, आणि "जेवण झालं का?" हा तोच प्रश्न मला विचारतात, पण त्याचा अर्थ ताटे वाढली का, असा असतो. तिला दोन शिंका आल्या, तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला टोपलीत घालून परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालयात नेले जाते, जे एकोणिसाव्या शतकापासून जनावरांची सेवा करत आहे. माणसांचे केईएम रुग्णालयही त्याच परळमध्ये आहे, पण माझी पाठ धरली, तेव्हा मला दिवाणावरूनच सांगण्यात आले, "बाम लाव."

एवढ्यावर थांबले असते तर अभ्यास माझ्या सोयीचा झाला असता. परंतु चिंगी सतरंजीवर ओकली, तेव्हा "काय गं खाल्लंस बाळा" असे म्हणत ती धुऊन काढणारी मीच होते, आणि त्याच सकाळी पलंगावर पडलेल्या ओल्या टॉवेलवरून ह्यांच्या आईच्या संस्कारांपर्यंत पोचणारीही मीच होते. टॉवेल धुवावा लागला नाही, नुसता उचलायचा होता. पूर्वी आपल्याकडे बायका नवऱ्याला 'मालक' म्हणत. प्राण्याच्या चुका पोटात घालतो तो मालक, अशी व्याख्या केली तर आमच्या घरी एकमेकांचे मालक कोणीच नाही आणि चिंगीचे दोघेही आहोत.

तेव्हा वाचकहो, माझा सल्ला असा, की जोडीदार आणलाच असेल, तर मांजरीच्या रीतीने वागून पाहावे. गेल्या सोमवारी "अगं, माझा चष्मा कुठे आहे?" अशी हाक आली. माणसाचा कान जेवढा हलू शकतो तेवढा हलवून मी जागीच बसून राहिले. तिसऱ्या हाकेनंतर चष्मा फ्रिजवर सापडल्याचे मी ऐकले. मंगळवारी मी पुढचे पाऊल टाकले: ह्यांचे वर्तमानपत्र दिवाणावर पसरलेले होते, त्यावर जाऊन बसले आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ काहीच घडले नाही. मग उकिडवे बसताना गुडघे वाजतात तसा आवाज आला, आणि अगदी खालच्या पट्टीत कोणीतरी विचारले, "दमलीस का? चहा टाकू?"

मी इकडेतिकडे पाहिले. चिंगी खिडकीत होती.

चहात साखर नव्हती. मांजरी तक्रार करत नाहीत, म्हणून मी तो तसाच डोळे मिटून प्यायले. अभ्यासाची मुदत वाढवली आहे.