सोलापुरात ऑनलाइन घर शोधणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

सोलापुरात घर घ्यायचंय? मग आसरा चौकात एजंटाबरोबर चहा पीत बसू नका. जग कुठं चाललंय! प्रॉपर्टीच्या साइट उघडा, ब्लॉग वाचा, अपडेट राहा. जुळे सोलापुरात टू बीएचके शोधताना मी गेल्या महिन्यात हेच केलं, म्हणून अधिकारवाणीनं सांगतोय.

फोटोवर शंका घेऊ नका. खिडकीतून समुद्र दिसत असेल तर तो कंबर तलाव समजा आणि पुढं चला.

'24 तास पाणी' वाचून हसायचं नाही.

अंतराचंही तसंच. 2023 ला विमानांच्या वाटेतली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हापासून जिल्ह्यातला प्रत्येक प्लॉट विमानतळापासून दहा मिनिटांवर आलाय. मोहोळचासुद्धा. कसं, ते विचारू नका. विकास आहे तो.

ब्लॉग मात्र रोज वाचायचे. 'सोलापुरात गुंतवणूक का करावी: 10 कारणं.' त्यातलं तिसरं कारण होतं आल्हाददायक हवामान. लिहिणाऱ्याला एकदा मे महिन्यात भर दुपारी नवी पेठेत सोडायला पाहिजे, अनवाणी. सातव्या कारणापर्यंत आलो तर सोलापूर गोदावरीच्या काठी वसलेलं! नाशिकचा लेख उचलला, गावाचं नाव बदललं, नदी बदलायची राहिली. असो. ज्ञानात भर पडते.

एरिया किती, हा प्रश्न असंस्कृत आहे. 1100 स्क्वेअर फूट लिहिलंय ना? त्यात जिना, लिफ्ट, गच्चीचा वाटा आणि वॉचमनची खुर्ची सगळं येतं. 'क्लिअर टायटल' लिहिलं असेल तर 7/12 मागू नका, समोरच्याला वाईट वाटतं. 'एनए (म्हणजे बिगरशेती) होणार आहे' हे तर एनए झाल्यासारखंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'मालकाशी संपर्क साधा' हे बटण दिसलं की बिनधास्त नंबर द्या, ओटीपी टाका. मालक सोडून सगळे संपर्क साधतात. विजापूर रोडवरचा एक फ्लॅट आवडला म्हणून मी नंबर दिला. मिनिटभरात फोन, "सर, तो कालच गेला की ओ. दुसरा दाखवू का? बजेट थोडं वाढवा." मग दुसरा फोन, त्याच फ्लॅटसाठी, पण भाव तीन लाखांनी जास्त. तिसऱ्याचं म्हणणं, तो फ्लॅट विकायचा नाहीच, भाड्यानं द्यायचाय. मग पुण्याहून एक बाई, "सर, आप वाघोली में देख रहे हो ना?" नाही हो बाई! मग लोणावळ्याला फार्महाऊस, मग गृहकर्ज, मग इंटिरियरवाला. अरे, घर तर मिळू दे आधी! दवाखान्यात आईजवळ बसलोय तरी फोन, जेवताना फोन, नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरनं तोच आवाज. आणि 'कालच गेलेला' फ्लॅट आजही त्या साइटवर आहे, वर 'नवीन' असं हिरवं लेबल लावून! गेलाय तर काढ की बे ती जाहिरात! मासे पकडायला गळ लावलाय का?

पुरे झाली थट्टा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही, हा कायदा 2017 पासून लागू आहे. प्लॉटच्या लेआउटलाही तो लागतो. त्या प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी लागते. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापावा लागतो. भाव कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, सांगायचा असतो. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही एजंटसाहेब, चांगलं माहीत आहे. साइटवाल्यांनो, महारेराचा नोंदणी नंबर टाकल्याशिवाय जाहिरात चढूच द्यायची नाही, हे एका दुपारचं काम आहे. पण मग आमचे फोन नंबर विकणार कुणाला?

आणि तुम्ही घर घेणारे! नोंदणी नंबर दिसत नसेल तर फोन लावताच कशाला? महारेराच्या साइटवर प्रकल्प फुकट बघता येतो, 7/12 महाभूलेखवर फुकट दिसतो. साडी घेताना दहा दुकानं पालथी घालता, आणि इथं आयुष्यभराची कमाई घालताना स्विमिंग पूलचा फोटो बघून दुसऱ्या दिवशी टोकन देऊन येता. वर करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागितले तर तेही मुकाट्यानं देता. कायद्यात बसत नाही ते. देऊ नका.