ईके९च्या प्रेमापोटी जीआर यारिसवर अन्याय नको

होंडाची १९९७ची सिव्हिक टाइप आर, म्हणजे ईके९, आणि टोयोटाची २०२०ची जीआर यारिस. दोघींचे फोटो शेजारी लावून एक मजकूर फिरतोय: जुनी हलकी, हाताने घडवलेली, ड्रायव्हरची गाडी; नवी जड, तीन सिलिंडरची, काटकसरीच्या इंजिनाची, टर्बो आणि कॉम्प्युटरच्या जिवावर पळणारी, तिच्यात ड्रायव्हरला कामच उरलं नाही. आपल्याकडे या दोन्ही गाड्या शोरूममध्ये कधी आल्याच नाहीत, त्यामुळे असलं काही सहज खपून जातं. ईके९ माझीही लाडकी आहे, पण हे मला पटत नाही.

आधी वजन. सिव्हिक साधारण १,०७० किलो, यारिस १,२८०. फरक खराच आहे. पण त्यातलं बरंचसं वजन चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेत आणि आजच्या सुरक्षा-नियमांना उतरणाऱ्या सांगाड्यात गेलंय. बाकी ठिकाणी टोयोटाने किलोकिलोसाठी झगडा केलाय: छत कार्बन फायबरचं, दारं आणि बॉनेट ॲल्युमिनियमचं. जपानी यारिसची ताकद २७२ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), म्हणजे एका पीएसमागे ४.७ किलो. सिव्हिकच्या १८५ पीएसला हाच हिशेब ५.८ किलोंवर जातो.

हाताच्या कामाचं म्हणाल, तर ईके९च्या बी१६बी इंजिनाचे पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटा, हाताने घासले जात, हे खरं. मात्र यारिसही मोतोमाची कारखान्यात सरकत्या पट्ट्याशिवाय, निवडक कारागिरांच्या हातून जुळवली जाते.

तीन सिलिंडर म्हणजे काटकसरीचं इंजिन, हा तर निव्वळ गैरसमज. हे इंजिन रॅली डोळ्यांसमोर ठेवूनच बनलं, आणि २०२४ पासून जीआर यारिस रॅली२ जागतिक रॅली स्पर्धेत पळतेय.

सगळ्यात जास्त खटकतं ते ‘ड्रायव्हरला कामच उरलं नाही’ हे वाक्य. या गाडीत सहा गिअरचा मॅन्युअल आहे. गिअर उतरवताना इंजिनाचे फेरे आपोआप जुळवणारी सोय आहे, पण ती बटणाने बंद करता येते. मग टाच-पंजाची कसरत, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळणं, तुमची तुम्हीच करायची. हँडब्रेकचा दांडा अजून हाताने ओढायचाच आहे. तो ओढला की मागच्या चाकांकडे जाणारी ताकद तुटते, चाकं अडकतात आणि अरुंद वळणावर गाडीचं बूड झटकन फिरतं. हे कुणासाठी केलंय? ड्रायव्हरसाठीच ना!

एका गोष्टीत मात्र, इंजिनाच्या चढत्या आवाजात, जुनीला तोड नाही. तिचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळ देण्याचा जोर, जेमतेम १६० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर. काटा ६,००० ओलांडून गेला की व्हीटेकचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचा, दुसरा कॅम लागतो, आवाज एकदम चढतो, आणि ८,२०० पर्यंत पाय उचलावासा वाटत नाही. यारिसचं इंजिन ३,००० वरच ३७० न्यूटन-मीटर देऊन मोकळं होतं. तो चढता आवाज टर्बोला जमलेला नाही.