शहीद न झालेल्या राणेंचा फ्लेक्स

खडकीच्या आमच्या कट्ट्यावर मेजर राणेंच्या पुण्यतिथीला, म्हणजे ११ जुलैला, आठवडा उरला असताना बापूने मोबाइल पुढे धरला, आणि त्यावरचा फ्लेक्सचा नमुना दिसताच नानांनी चहाचा ग्लास कठड्यावर ठेवून खिशातला चष्मा काढला. मागे ज्वाळा, वर तीन नेते, त्यांच्याखाली हात जोडलेला खुद्द बापू, आणि उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढ्या चौकटीत मेजर रामा राघोबा राणे. खाली लाल अक्षरांत लिहिले होते, ‘परमवीरचक्र विजेते शहीद राणे अमर रहे’.

“राणे शहीद कधी झाले?” नानांनी शांतपणे विचारले.

“नाना, परमवीरचक्र म्हटल्यावर शहीदच की,” बापू म्हणाला. बापूची देशभक्ती महिन्याला दोन फ्लेक्स या वेगाने वाहते, आणि मजकूर तपासायला तिला सवड नसते.

नाना बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणजे राणेंच्याच पलटणीच्या घराण्यातले. “बापू, तो पराक्रम १९४८ च्या एप्रिलमधला, काश्मीरच्या लढाईतला. त्यानंतर राणेसाहेब ४६ वर्षे जगले आणि १९९४ साली, वयाच्या ७६व्या वर्षी, याच पुण्यात गेले. नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूला चार दिवसांत जे जमले नाही, ते तुझ्या फ्लेक्सवाल्याने एका ओळीत केले.”

मास्तरांना राहवले नाही. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, आणि १९५६ पर्यंत कारवार मुंबई राज्यातच होते, तेव्हा फ्लेक्सवर ‘महाराष्ट्राचे सुपुत्र’ हे शब्द हवेतच, असा त्यांनी आग्रह धरला. मास्तर सीमाभागातले आहेत आणि पावसाचा विषय निघाला तरी १९५६ वर येतात. “मास्तर, सुरुंग काढताना साहेबांनी शिव्या कोकणीत घातल्या की मराठीत, याचा शोध लागेपर्यंत हा ठराव तहकूब ठेवा,” असे नानांनी म्हणताच मास्तरही हसले.

मग नाना सांगत गेले, आणि सॅपर सांगतो तसे, कामाच्या हिशेबाने सांगत गेले. ८ एप्रिलला सुरुंग काढायची तयारी चालू असतानाच उखळी तोफांचे गोळे पडले; दोघे ठार आणि पाच जखमी झाले, आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. तरीही संध्याकाळपर्यंत रणगाड्यांना वाट मिळाली. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, दोऱ्यांनी चालकाला इशारे देत त्यांनी तो सुरुंगांमधून पुढे नेला, ही गोष्ट सांगताना नानांनी चहावाल्याच्या पिशवीचा बंद दोन बोटांत धरून प्रत्यक्ष ओढून दाखवला, आणि पिशवीतले खारीचे तुकडे माझ्या मांडीवर सांडले. १० तारखेला पहाटे पावणेपाचला चिडाच्या पाच मोठ्या झाडांचा अडसर हटवायला घेतला आणि साडेसहाला रस्ता मोकळा केला. ११ ला चिंगस गाठले, आणि १२ ला राजौरी आपल्या हाती आली.

“हेच लिहितो ना मग!” बापू खूश झाला. “पुढचे काय, लग्न, मुलेबाळे, पेन्शन. ते कोण वाचतो?”

येथे मी पक्षपाती आहे हे कबूल करतो, कारण नानांचे पुढचे बोलणे मला त्या चार दिवसांच्या वर्णनाइतकेच भिडले. “१९५५ साली त्यांचे लग्न झाले, तीन मुलगे आणि एक मुलगी झाली, १९६८ मध्ये मेजर म्हणून ते निवृत्त झाले. तुला हे सोपे वाटते, कारण तू रजेवर घरी आलेला नाहीस. माझ्या पहिल्या रजेत कुकरची शिट्टी झाली की मी ताटावरून उठायचो. तुझ्या काकूंनी महिनाभर भात पातेल्यात शिजवला आणि शेजाऱ्यांना कुकर बिघडल्याचे सांगितले. लढाईतून परतलेल्या माणसाने घरात नीट राहायला शिकणे, हीसुद्धा नोकरीच असते. तिचे पदक काकूंना मिळायला हवे होते. पण तुम्हाला सैनिक मेलेलाच आवडतो. जिवंत असला की त्याला मांडवाच्या दाराशी उभा करता.”

हा टोला गेल्या गणपतीचा होता. ‘माजी सैनिकांचा सन्मान’ म्हणून बापूने नानांना मंडळात बोलावले होते, आणि दहाच मिनिटांत त्यांच्या हाती शिट्टी देऊन दर्शनाची रांग लावायला सांगितले होते. बापूने आजवर त्याची माफी मागितलेली नाही. त्या दिवशीही मागितली नाही, फक्त सगळ्यांसाठी दुसरा चहा सांगितला.

अखेर त्याने फ्लेक्सवाल्याला फोन लावून स्पीकर चालू केला आणि ‘शहीद’ काढायला सांगितले.

“मग त्या जागी काय टाकू?” पलीकडून आवाज आला.

“निवृत्त,” नाना ओरडले.

“निवृत्त राणे अमर रहे?” फ्लेक्सवाला क्षणभर थांबला. “साहेब, म्हणजे माणूस हयात आहे ना? मग खाली श्रद्धांजली ठेवायची, की वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकू?”

मास्तरांच्या नाकातून चहा आला. बापू फोन कानाला लावून लांब जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या हातवाऱ्यांवरून एवढेच कळत होते की निदान एका नेत्याचा फोटो लहान करण्याची बोलणी चालू आहेत.