म्हणे प्लास्टरमध्ये निघून जाईल!

कसलं डोंबलाचं निघून जाईल? खिडकीची जागा 4 इंच जास्त सोडलीय, 4 इंच! प्लास्टर आहे की जादूटोणा?

चारकोपला आमचं जुनं बैठं घर पाडून नवीन बांधतोय. हॉलची खिडकी ड्रॉइंगमध्ये 5 बाय 4 फूट. वीटकाम झाल्यावर टेप लावला तर रुंदी खाली 5 फूट 4 इंच, वर 5 फूट 3 इंच. अर्धा इंच इकडेतिकडे मी समजू शकतो, तेवढी जागा चौकटीला लागतेच. पण कड सरळ उभी आहे का ते बघायची ओळंबा नावाची वस्तू साइटवर आहे ना? की ती फक्त पूजेला काढता?

मिस्त्रीला विचारलं, तर पान चघळत, ‘साहेब, टेन्शन नका घेऊ, प्लास्टरमध्ये निघून जाईल.’ अहो, आतलं प्लास्टर अर्धा इंच, बाहेरचं पाऊण इंच. त्याहून जाड थर एका दमात मारला की स्वतःच्या वजनानेच सुटतो. मग ही मंडळी विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, हाताला येईल ते फटीत कोंबतात आणि वरून मसाला थापतात. खिडकी पश्चिमेला आहे. जूनमध्ये तिरपा पाऊस आला की त्याच फटीतून पाणी सोफ्यावर, आणि तेव्हा अॅल्युमिनियमवाला म्हणणार, माझी खिडकी चोख आहे, भिंतीचं बघा!

आणि लिंटेलचं, म्हणजे खिडकीवरची भिंत पेलणाऱ्या आडव्या तुळईचं काय? ते 6 फुटांचं, म्हणजे दोन्हीकडे 6-6 इंच भिंतीवर टेकायला हवं. खिडकी वाढली ती सगळी एकाच बाजूला, त्यामुळे तिकडे उरले 3 इंच. हे पण प्लास्टरमध्येच निघणार का?

दुरुस्ती काही रॉकेट सायन्स नाही हो. लिंटेलखाली टेकू द्या, कडेच्या एकाआड एक विटा काढून दाते पाडा, भिजवलेल्या विटा त्यात अडकवून लिंटेलपर्यंत गच्च भरा, आठवडाभर पाणी मारा, सांध्यावर तारेची चिकन जाळी ठोका, मगच प्लास्टर. पण त्याला वेळ लागतो, आणि मिस्त्रीची पुढची साइट थांबलेली असते ना!

कॉन्ट्रॅक्टर तर त्याचाही बाप. वीटकामाच्या बिलात खिडकीचं माप वजा केलं ते ड्रॉइंगमधलं, 5 बाय 4. म्हणजे न बांधलेल्या भिंतीचे पैसे आधीच खिशात, आणि आता तीच भिंत भरायला म्हणतो, ‘हे जादा काम, वेगळं लावावं लागेल.’

लाव. लावूनच दाखव. ती कड तोडून नीट बांधल्याशिवाय प्लास्टरवाल्याला मी गेटच्या आत पाऊल टाकू देणार नाही.