रिकामा डबा म्हणे!

काल तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून आल्यापासून डोकं तापलंय ते उतरायलाच तयार नाही. परीक्षक माझ्या टेबलापुढे जेमतेम अर्धा मिनिट थांबले. वही उघडलीसुद्धा नाही. जाळीच्या डब्यात डोकावले आणि म्हणाले, "रिकामा डबा घेऊन आलीस होय? वर्किंग मॉडेल कुठंय?"

रिकामा? त्यात सकाळीच फुटलेला कोश होता! साडेनऊला त्यातून कॉमन मॉरमॉन फुलपाखरू बाहेर आलं, पंख वाळवत बसलं. आम्हाला आठला बोलावलेलं. प्रमुख पाहुणे उगवले साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, शाल, नारळ, भाषणं. तोवर ते जाळीवर धडका घ्यायला लागलं. पंख फाटतील म्हणून मी खिडकीतून सोडून दिलं. हे सांगायला तोंड उघडलं तर म्हणे, "ही हॉबी झाली बाळा, प्रोजेक्ट नाही. समाजाला याचा उपयोग काय?" आणि गेले पुढच्या टेबलाकडे. नववीत आहे मी. बाळा म्हणू नका मला.

जुलैपासून परसातल्या कढीपत्त्यावरच्या अळ्यांच्या नोंदी ठेवतेय. आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी एक कात टाकते आणि हिरवीगार होते. बोट लावलं की डोक्यामागून लाल शिंगं काढते, उग्र वास सोडते. 19 कोशांपैकी 5 मधून फुलपाखरू आलंच नाही. कोशाला बारीकसं भोक पडलं आणि आतून चिलटाएवढ्या परजीवी गांधीलमाश्या निघाल्या, एकेका कोशातून कितीतरी. पाचही कोश कुंपणाकडच्या फांद्यांवरचे. तिथलेच का? हा प्रश्न मी तक्त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिला होता. एकानेही वाचला नाही.

पहिला नंबर ज्वालामुखीला. दरवर्षी ज्वालामुखीच! स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो तो. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फस्स, टाळ्या. अहो, सोड्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचा लाव्हाशी संबंध काय? ज्या मैदानावर मंडप घातला होता, त्याच्या खालचा काळा कातळ म्हणजेच सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तोही बहुतेक जमिनीच्या लांबच लांब भेगांतून थरावर थर आलेला, असल्या थर्माकोलच्या सुळक्यातून नाही. कुणी तिथला एक दगड उचलून टेबलावर ठेवला असता तर मीच पहिली टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसरा नंबर सिरिंजच्या जेसीबीला. तो ज्यावर चालतो तो पास्कलचा नियम मी त्या मुलाला विचारला, तर "बाबांना माहितीय."

आठवीत सूक्ष्मदर्शकाखाली बघून कांद्याच्या पेशी काढल्या होत्या, जशा दिसल्या तशा. शेरा मिळाला, "आकृती पुस्तकाप्रमाणे काढा." तो सूक्ष्मदर्शक अख्ख्या शाळेत एकच, आणि पाहुणे येणार असले तरच कपाटाबाहेर येतो. 28 फेब्रुवारीला रामन यांच्या चेहऱ्याची रांगोळी काढतो आम्ही, प्रयोगशाळेच्या कुलूप लावलेल्या दारासमोर!

सहभागाच्या प्रमाणपत्रावर माझ्या नावापुढे विषय छापलाय 'पर्यावरण वाचवा'. असलं काही मी केलंच नव्हतं.

डब्यात अजून दोन कोश आहेत. एक आज संध्याकाळी काळपट दिसतोय, आतल्या पंखांची नक्षी उमटलीय. उद्या सकाळची शाळा आहे. तो फुटेपर्यंत मी घरातून हलणार नाही.