जमीन कुणाची का असेना, टाइल्स बघा

फ्लॅट घेताय? अभिनंदन. घेतलेला विकताय? मग सांत्वन. आमचाही एक फ्लॅट, भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या बिल्डिंगमधला, सध्या विकायचं चाललंय, म्हणजे थांबलंय. त्यामुळं अनुभव ताजा आहे, आणि शहाण्यासुरत्या कोल्हापूरकरांना चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात असं मनात आलं.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा वर बघा, समोर बघा, खाली मात्र बघू नका. खाली जमीन असते. ओट्याचा ग्रॅनाइट, बाथरूमच्या टाइल्स, बाल्कनीतून रंकाळा दिसतो का, दार पूर्वेला आहे का, एवढं विचारलं की झालं. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं, सत्ताप्रकार कुठला, म्हणजे जमीन मालकीची की पट्ट्याची, बिल्डर जमिनीचा मालक आहे की ती भाड्यानं घेतलेला नुसता पट्टेदार, हे विचारायला जाऊ नका. तो दुखावतो. आपल्याच पेठेतला असतो, त्याचे चुलते आपल्या मामाबरोबर फुटबॉल खेळलेले असतात. अशा माणसाकडं कागद मागायचे? कागद काय खायचेत?

भाडेपट्ट्याचा मूळ करार वाचू नका. जुना टाइप असतो, डोळे बिघडतात.

वर्षं तर मोजूच नका. ‘नव्व्याण्णव वर्षांचा आहे हो, तवर कोण राहतंय!’ एवढं म्हणून चहा प्यायचा. १९५५ साली झालेला ९९ वर्षांचा करार २०५४ साली संपतो, ही शाळकरी पोराची वजाबाकी आहे, पण ती तुमच्या आधी बँक करते. तीस वर्षांचं कर्ज मागायला गेलेल्या पोराला बँकेचा पॅनेल वकील विचारतो, पट्टा किती उरलाय? नूतनीकरणाची अट आहे का? असेल तर वाढीव भुईभाडं ठरवणार कोण? मग गिऱ्हाईक आपल्याकडं बघतं आणि आपण पंख्याकडं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. मुदत संपली की पट्टा संपला, असं त्यात सरळ लिहिलंय. तिथं ‘बघू की तेव्हाचं तेव्हा’ चालत नाही.

मुद्रांक शुल्क मात्र हसत भरा. पट्टा २९ वर्षांवरचा असला की बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर खरेदीच्याच दरानं शुल्क लागतं. म्हणजे भरताना तुम्ही नव्वद टक्के मालक, आणि विकायच्या वेळी दारात उभे राहून परवानगी मागणारे भाडेकरू.

ती परवानगी, म्हणजे मूळ मालकाचा ना हरकत दाखला, हा एक वेगळाच सोहळा आहे. आमचा मूळ मालक कोण ते सांगत नाही, एक कार्यालय आहे एवढं पुरे. तिथं गेलं की साहेब मीटिंगला. साहेब आले की फाईल दुसऱ्या टेबलाला. फाईल सापडली की भुईभाड्याच्या पावत्या आणा. वर्षाला किरकोळ रक्कम, पण भरली कुणी? बिल्डर म्हणतो सोसायटी भरत होती. सोसायटी म्हणते बिल्डर भरत होता. भरत कुणीच नव्हतं, आणि व्याज तेवढं इमानेइतबारे वाढत होतं.

असला ताप नको असेल तर मुखत्यारपत्रावर भागवा. मुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच सांगितलंय, पण ते न्यायालय दिल्लीत आहे.

नॉमिनी लावलाय ना? मग मृत्युपत्र कशाला? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण भावाभावांना कोर्टात तरी भेटू दे.

फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते तो हस्तांतर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही. वरच्या रकमेला ऐच्छिक देणगी म्हणतात, आणि ती इच्छा झाल्याशिवाय दाखला टाइप होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सभेला जाऊ नका. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीबद्दलच्या कायद्याखाली सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमिनीतला आपला हक्क तिच्या नावावर करून द्यायचा असतो. आमच्यानं केला नाही. तुमच्यानं तरी कुठं केलाय? म्हणून २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. त्याला आपण सगळे डीम्ड कन्व्हेअन्स म्हणतो. बिल्डरची सही लागत नाही. जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करायचा, कायद्यानं सहा महिन्यांत निकाल द्यायचा. जमीन पट्ट्याची असेल तर उरलेल्या वर्षांचा पट्टा सोसायटीच्या नावावर येतो, म्हणजे उद्या नूतनीकरण मागायला निदान कुणीतरी हक्कानं उभं राहू शकतं. पण त्यासाठी सभेत ठराव लागतो आणि वकिलाच्या फीसाठी वर्गणी लागते. तिथंच आमची बिल्डिंग आडवी झाली. एक काका म्हणाले, ‘आपल्याला कुठं विकायचाय?’ दुसरे म्हणाले, बिल्डर वाईट मानून घेईल. ज्यांचे फ्लॅट भाड्यानं दिलेत ते पुण्यात, त्यांनी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला; तो होकाराचा की निरोपाचा, ते अजून कळलं नाही. आणि एकानं विचारलं, वकील जरा कमीत होणार नाही का?

हीच माणसं! एकतीस डिसेंबरला गच्चीवर तांबडा-पांढऱ्याचा बेत निघाला की एका संध्याकाळीत वर्गणी गोळा. मटण कुठल्या दुकानातलं यावर दोन तास चर्चा. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यावरून पोलीस चौकीपर्यंत जातील, पण ज्या जमिनीवर तो पट्टा मारलाय तिच्या कागदाला हात लावणार नाहीत.

नाही, आता उपरोध पुरे, सरळच बोलतो. अहो, आयुष्याची कमाई घातलीय ना त्यात? कानातलं-गळ्यातलं मोडून, पीएफ काढून घेतलाय ना फ्लॅट? मग एक प्रॉपर्टी कार्ड काढायला कसला आलाय कमीपणा? बिल्डर हयात आहे तोवर त्याच्या एकट्याशी बोलायचंय. उद्या त्याचे चार वारस झाले की चौघांना चार वेगवेगळ्या रकमा सुचतील. ‘आपल्याला कुठं विकायचाय’ म्हणणाऱ्यांनो, तुम्ही नाही विकणार, तुमची पोरं विकणार आहेत. ती बेंगळुरूला आहेत, परत येऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरणार नाहीत, मिळेल त्या भावानं फुंकून टाकतील. आणि इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर जमिनीचा कागद कुणाच्या नावावर दाखवणार? बिल्डरच्या?

रविवारी दहाला पार्किंगमध्ये पुन्हा सभा आहे. अंगठा पाठवू नका. स्वतः या आणि चेकबुक घेऊन या.